पोरीचे पाप नाही, पेशीतला लगाम सुटला आहे



रविवारची वंदना झाली की विहारातच थोडा वेळ बसायचे, आरोग्याचे चार शब्द बोलायचे आणि कुणाला काही विचारायचे असेल तर ते ऐकून घ्यायचे, असा आमच्या मंडळाचा नेम आहे. गेल्या पावसाळ्यात एक आई मागे थांबली. सगळे गेल्यावर तिने हळूच विचारले, "माझ्या पोरीचं काय चुकलं होतं?"

मुलगी तेवीस वर्षांची. लग्नाला तीन वर्षे झालेली. सुरुवातीला दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल चट्टा उठला. शेजारणी म्हणाल्या, वांग आहेत. मेडिकलवाल्याने गोरेपणाची ट्यूब दिली. मग सकाळी उठल्यावर बोटे आखडू लागली, तेव्हा वाताच्या गोळ्या आणल्या. केस गळाले, तोंडात फोड आले, बारीक ताप येऊ लागला. दोन वेळा दिवस गेले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. तेव्हा सासरच्यांनी निकाल दिला, "हिला बाहेरचं आहे." दीक्षा घेतलेल्या घरात, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असताना, अंगारा आला, लिंबू आले, देवऋष्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. दोन वर्षांनी पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला, तेव्हा कुठे मोठ्या दवाखान्यात नेले. आजाराचे नाव निघाले ल्युपस. तोवर मूत्रपिंडांना इजा झाली होती.

त्या दिवशी आम्ही त्या आईला एवढेच म्हणालो, "काही चुकलं नाही, मावशी." उत्तर खरे होते, पण अपुरे होते. आणि आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या दोन वर्षांत ती मुलगी अधूनमधून विहारात येत होती. तिच्या गालावरचा चट्टा आमच्यातल्या दोघींनी पाहिला होता. "उन्हात फिरू नकोस गं," एवढे बोलून आम्हीही विषय सोडला होता. म्हणून मावशींना द्यायचे राहिलेले पूर्ण उत्तर आज या पानावर देत आहोत. १० मे हा जागतिक ल्युपस दिन असतो. वैशाख पौर्णिमा त्याच्याच आगेमागे येते. त्या निमित्ताने घराघरांत हे वाचले जावे, ही अपेक्षा.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराची पहारेकरी फौज. जंतू आला की ती धावते. या फौजेतल्या टी पेशी आणि बी पेशी आपले कोण आणि परके कोण हे ओळखायला शिकलेल्या असतात. ल्युपसमध्ये ही ओळख बिघडते. बी पेशी स्वतःच्याच शरीराविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात. ती प्रतिपिंडे सांध्यांत, त्वचेत, मूत्रपिंडांत जाऊन सूज आणतात. त्यातच इंटरफेरॉन नावाचा एक इशारा असतो. विषाणू शिरला की शरीर तो वाजवते, आणि विषाणू गेला की तो थांबायला हवा. ल्युपसच्या बहुतेक रुग्णांत हा भोंगा चोर नसतानाही वाजत राहतो. फौज जागीच राहते आणि घरातल्यांनाच झोडपते.

हा आजार दर दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रियांना होतो, आणि तोही बहुधा पंधरा ते पंचेचाळीस या वयात. म्हणजे शिकण्याच्या, कामाला जाण्याच्या, लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या वयात. म्हणूनच त्याचा दोष बाईच्या नशिबावर, पायगुणावर, चालीवर टाकणे घरच्यांना सोपे जाते.

मग भोंगा थांबत का नाही? इथे एका नव्या शब्दाची ओळख करून घेऊ. तो शब्द आहे मायक्रोआरएनए. नाव अवघड आहे, गोष्ट अवघड नाही.

जात पडताळणीसाठी आपण आजोबांच्या शाळेतल्या नोंदीची नक्कल काढतो. मूळ रजिस्टर शाळेच्या कपाटातच राहते. हातात येते ती नक्कल आणि पुढचे सगळे काम नकलेवर चालते. पेशीतही तसेच आहे. डीएनए हे मूळ रजिस्टर पेशीच्या केंद्रात जपून ठेवलेले असते. त्यातल्या हव्या त्या नोंदीची नक्कल निघते, तिला एमआरएनए म्हणतात. त्या नकलेवरून पेशी प्रथिने बनवते, आणि भोंगा वाजवणारी, फौजेला हुकूम देणारी ही सगळी प्रथिनेच असतात.

मायक्रोआरएनए म्हणजे सुमारे २२ अक्षरांची इवलीशी पट्टी. ती नेमक्या नकलेला जाऊन चिकटते. चिकटली की त्या नकलेवरचे काम मंदावते, किंवा नक्कलच मोडीत निघते. मूळ रजिस्टरला हात लागत नाही. कोणते प्रथिन किती बनायचे, याला मात्र लगाम बसतो. माणसाच्या शरीरात अशा हजाराहून अधिक पट्ट्यांच्या नोंदी आहेत. एक पट्टी अनेक नकलांना आवर घालते आणि एका नकलेवर अनेक पट्ट्यांची नजर असते.

ही पट्टी सापडली ती एक मिलिमीटर लांबीच्या एका किड्यात. अमेरिकेतील व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये ती जगापुढे मांडली. तेव्हा बहुतेकांना वाटले, किड्यातली गोष्ट आहे, माणसाला तिचे काय. पुढे २००० साली रुव्हकुन यांच्या गटाला आणखी एक अशी पट्टी सापडली आणि ती माणसासकट कितीतरी प्राण्यांत निघाली. या शोधासाठी दोघांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. क्षुद्र म्हणून कुणी ज्याच्याकडे पाहत नव्हते, त्या किड्याने सगळ्या जगाला शिकवले. आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

आता ल्युपसकडे येऊ. २००९ मध्ये चीनमधील शांघायच्या संशोधकांनी ल्युपसच्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशी तपासल्या. त्यांत मायक्रोआरएनए-१४६ए नावाची पट्टी निरोगी माणसांपेक्षा कमी आढळली. ही पट्टी इंटरफेरॉनच्या भोंग्याचा लगाम आहे. भोंगा वाजवणाऱ्या प्रथिनांच्या नकला ती आवरून धरते. पट्टी कमी पडली की लगाम ढिला होतो. ज्या रुग्णांत ती अधिक कमी, त्यांचा आजारही अधिक भडकलेला दिसला. मग प्रयोगशाळेत रुग्णांच्याच पेशींत ही पट्टी वाढवून पाहिली, तर भोंग्याचा जोर उतरला.

दुसरी पट्टी मायक्रोआरएनए-१५५. ही बी आणि टी पेशींना चेव आणते. ल्युपससारखा आजार होणाऱ्या उंदरांतून शास्त्रज्ञांनी ती काढून टाकली, तेव्हा स्वतःविरुद्धची प्रतिपिंडे कमी झाली आणि मूत्रपिंडांची सूजही उतरली. म्हणजे एक पट्टी कमी पडून बिघडते, तर दुसरी जास्त होऊन.

तिसरी गोष्ट टी पेशींची. मूळ रजिस्टरातली काही पाने बंद राहावीत म्हणून त्यांवर बारीक रासायनिक मोहरा मारलेल्या असतात. २०१० मध्ये असे दिसले की ल्युपसच्या रुग्णांच्या टी पेशींत मायक्रोआरएनए-२१ आणि १४८ए या दोन पट्ट्या वाढलेल्या असतात, आणि त्यामुळे मोहरा मारणारे प्रथिन कमी पडते. मोहरा गळतात, बंद ठेवायची पाने उघडी पडतात, आणि टी पेशी नको तेव्हा पेटून उठतात.

यातल्या कोणत्या बदलाने आजार सुरू होतो आणि कोणता बदल आजारामुळे होतो, याचा शोध अजून चालू आहे. पण एवढे पक्के दिसते की यामागे कुणी एक खलनायक नाही. घराण्यातून आलेल्या काही जनुकांचा थोडा वाटा, स्त्रीच्या संप्रेरकांचा थोडा, उन्हाचा थोडा, एखाद्या संसर्गाचा थोडा. कडक उन्हाने त्वचेतल्या पेशी मरतात, त्यांचे तुकडे फौजेच्या नजरेला पडतात, भोंगा वाजतो, आणि आवरणारा लगाम आधीच ढिला असतो. अनेक कारणे एकत्र आली तेव्हा आजार उभा राहिला. कारणांवाचून काही घडत नाही आणि एकट्या कारणानेही घडत नाही, ही शिकवण आपल्याला विहारात मिळालेलीच आहे. प्रतीत्यसमुत्पाद आपण तोंडाने म्हणतो. तो आजारी सुनेच्या बाबतीतही मानायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे.

मावशी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. तुमच्या मुलीने काही केले नव्हते. तिच्या पेशींतले काही लगाम ढिले झाले होते. हे मागच्या जन्मातून आलेले नाही. मागच्या जन्माच्या पापपुण्याचा हिशेब या जन्मी फेडावा लागतो, ही कल्पना बुद्धाच्या धम्मात बसत नाही, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट मांडले आहे. हा आजार स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने लागत नाही. गर्भ न टिकण्यामागेही रक्तातले कारण असू शकते. ल्युपसच्या काही स्त्रियांत रक्त गोठवणारी प्रतिपिंडे असतात, त्यामुळे वारेत गाठी होतात आणि गर्भपात होतो. त्याची तपासणी होते, त्यावर उपचार होतात. जिला "वांझोटी" म्हणून माहेरी धाडले, तिला खरे तर रक्ताच्या तपासणीची गरज होती.

आता आमचे मत. ज्या घरात बावीस प्रतिज्ञा म्हटल्या जातात, त्या घरातल्या सुनेला ताप आल्यावर देवऋष्याकडे नेणे ही साधी चूक नाही. ती प्रतिज्ञेशी केलेली फसवणूक आहे, आणि तिची किंमत एका बाईच्या मूत्रपिंडाने मोजली जाते. हे आम्ही कुणाला हिणवायला लिहीत नाही. दवाखान्यात रांग मोठी असते, रोजंदारी बुडते, डॉक्टर दोन मिनिटांत उठवतात, आणि देवऋषी मात्र अर्धा तास बसून ऐकून घेतो. हे आम्हाला माहीत आहे. म्हणून ऐकून घेण्याचे काम विहाराने केले पाहिजे.

दुसरा धोका शिकल्या-सवरलेल्यांचा आहे. नवा शास्त्रीय शब्द आला की त्याचा बाजार मांडणारेही येतात. उद्या कुणी "मायक्रोआरएनएची खास तपासणी" किंवा "पेशी दुरुस्त करणारे चूर्ण" घेऊन वस्तीत आला, तर त्याला सरळ परत पाठवा. ल्युपसचा उपचार ठरवायला आज डॉक्टर ही तपासणी वापरत नाहीत, आणि या पट्ट्यांवर चालणारे ल्युपसचे मान्यताप्राप्त औषधही आज बाजारात नाही. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे आणि पावडरी तर ल्युपसच्या रुग्णाने विचारल्याशिवाय घेऊच नयेत. इथे फौज कमी नाही, ती उधळलेली आहे. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली होती, आणि आधीच असे स्वयंप्रतिकारी आजार असलेल्यांना जपायला सांगितले होते.

मग आज हाती काय आहे? बरेच आहे, आणि त्यातले पुष्कळसे महाग नाही.

पहिले, ओळख. गाल आणि नाकावर फुलपाखरासारखा चट्टा, उन्हात गेल्यावर वाढणारा. सकाळी बोटांचे आणि मनगटांचे सांधे आखडणे. तोंडात न दुखणारे फोड. केस मूठभर गळणे. कारण न सापडणारा ताप आणि थकवा. पाय किंवा डोळ्यांभोवती सूज. लघवीला फेस. यातली दोन-तीन लक्षणे एका बाईत आठवडेच्या आठवडे टिकली, तर मेडिकलवाल्याची ट्यूब थांबवा आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला मेडिसिन विभाग गाठा. मुंबईत केईएम रुग्णालयात संधिवाताच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे. नुसती एएनए तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका. ती निरोगी माणसांतही येते. लक्षणे आणि इतर तपासण्या एकत्र पाहूनच डॉक्टर निदान करतात.

दुसरे, लघवी आणि रक्तदाब. ल्युपसच्या दहापैकी साधारण चार रुग्णांत मूत्रपिंडाला सूज येते, आणि सुरुवातीला ती दुखत नाही. बाई म्हणते, "मला काही होत नाही," आणि आत नुकसान चालू असते. लघवीतले प्रथिन साध्या तपासणीत दिसते. रुग्णाने ठरलेल्या वेळी लघवी तपासणे आणि रक्तदाब मोजणे चुकवू नये.

तिसरे, गोळ्या. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मूळचे मलेरियाच्या घराण्यातले जुने औषध ल्युपसच्या बहुतेक रुग्णांना दिले जाते. त्याचा गुण यायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. म्हणून "फरक पडत नाही" म्हणत लोक ते सोडतात, किंवा बरे वाटले म्हणून सोडतात. दोन्ही वेळा आजार परत उसळतो. मात्रा वजनावर ठरते, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा डोळ्यांची तपासणी करावी लागते. गरोदरपणातही हे औषध सहसा चालू ठेवतात. स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने कमी-जास्त करू नका आणि एकदम तर मुळीच थांबवू नका, जिवावर बेतू शकते. या औषधांनी फौज थोडी दबते, म्हणून ताप आला किंवा खोकला दोन आठवड्यांवर गेला तर क्षयाची तपासणीही करून घ्या.

चौथे, मूल. ल्युपस झालेल्या स्त्रीला मूल होऊच शकत नाही, हे खोटे आहे. आजार निदान सहा महिने शांत असावा, काही औषधे आधी बदलावी लागतात, आणि हे सगळे दिवस जाण्याच्या आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. गर्भनिरोधक गोळीही विचारूनच घ्यावी.

पाचवे, ऊन. नाका-कामगार, भाजीवाली, कचरा वेचणारी, सफाईचे काम करणारी आमची बहीण उन्हापासून कशी वाचणार? घरात बसून राहा हा सल्ला तिच्या कामाचा नाही. पूर्ण बाह्या, डोक्यावरून चेहऱ्यावर येणारा ओढणी-पदर, छत्री, आणि भर दुपारचे काम सकाळ-संध्याकाळ करून मिळेल का, हे मुकादमाशी बोलणे, एवढे तरी करता येते. एकटीने बोलण्यापेक्षा मंडळाने बोलावे.

शेवटी मागणीचे. मार्च २०२० मध्ये कोविडवर चालेल या आशेने जगभर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची झुंबड उडाली, तेव्हा ज्यांना ते खरोखर रोज लागते त्या ल्युपसच्या रुग्णांना ठिकठिकाणी दुकाने पालथी घालावी लागली. ज्यांचा आवाज नसतो त्यांचे औषध आधी संपते. म्हणून आम्ही म्हणतो, हे औषध आणि लघवीची तपासणी वस्तीजवळच्या सरकारी दवाखान्यात नेहमी मिळालीच पाहिजे. मोठ्या उपचाराची वेळ आली तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि आजवरचे सगळे कागद एकाच पिशवीत जपा.

संशोधनाबद्दलही बोलू. या पट्ट्यांवरचा पुष्कळसा अभ्यास चीन, युरोप आणि अमेरिकेतल्या रुग्णांवर झाला आहे. आपल्या बाया त्यात मोजल्या गेल्या नाहीत, तर उद्याचे औषध त्यांच्या मापाचे होईल कशावरून? म्हणून एखाद्या रुग्णालयाने अभ्यासासाठी रक्त मागितले, तर भीतीने पळू नका आणि न वाचता अंगठाही देऊ नका. संमतिपत्र मराठीत मागा, समजून घ्या, प्रश्न विचारा. हो म्हणणे तुमचा हक्क आहे, नाही म्हणणेही.

ती मुलगी आता माहेरी आहे. औषधे चालू आहेत, लघवीतले प्रथिन उतरते आहे. नवऱ्याला आमच्या मंडळातले दोघे जण जाऊन भेटले. पहिल्या वेळी तो दारातूनच बोलला. दुसऱ्या वेळी त्याने आत बसवले आणि तपासणीचे कागद मागून घेतले. पुढच्या तारखेला तो तिच्यासोबत दवाखान्यात जाईल की नाही, ते कळेलच.

तथागतांनी आणि आनंदाने एका आजारी, टाकून दिलेल्या भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुतले, ही गोष्ट आपण विहारात अनेकदा ऐकली आहे. त्यांनी त्याचे कोणते पाप आहे हे विचारले नाही. पाणी आणले आणि कामाला लागले. आपणही तिथूनच सुरुवात करू. या रविवारी आपल्या शेजारच्या एखाद्या लेकीच्या गालावर न जाणारा चट्टा दिसला, तर "वांग असतील" म्हणून पुढे जाऊ नका. तिच्याजवळ बसा, ऐका, आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा.

जय भीम! नमो बुद्धाय!